रात्रपाळीवरून सायकलने परतताना दिव्यांचे रंग कोणते असावेत?

जुळेसोलापूरकर (प्रश्नकर्ता)

सप्रेम नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी कामाला आहे आणि राहायला जुळे सोलापुरात आहे. गेल्या पावसाळ्यात मुलगा महाविद्यालयात जाऊ लागला, तेव्हा घरातली मोटारसायकल त्याच्याकडे गेली आणि मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सायकलवर आलो. त्याचा मला खेद नाही; उलट पोट थोडे आत गेले आहे. दुसरी पाळी रात्री बारा वाजता सुटते. त्यानंतरच्या आठ-नऊ किलोमीटरांत पहिल्या टप्प्यात अंधार अधिक आणि मालमोटारीही अधिक, सात रस्त्याच्या आसपास उजेडच उजेड, आणि विजापूर रस्त्याला लागल्यावर पुन्हा अंधार-उजेडाचे पट्टे, असा माझा रोजचा रस्ता आहे.

सायकल घेताना दुकानदाराने दिव्यांचा एक संच आग्रहाने गळ्यात मारला. त्यात पुढे लावायचा दिवा लाल-निळा लुकलुकणारा आहे, चाकांच्या तारांत गुंफायच्या निळ्या-हिरव्या माळा आहेत आणि मागच्या दिव्यातून रस्त्यावर दोन लेसर रेघा पडतात. जितके रंग जास्त तितके लोकांचे लक्ष जास्त, असे त्याचे म्हणणे होते आणि मलाही ते तेव्हा पटले.

गेल्या आठवड्यात एक प्रसंग घडला. अंधाऱ्या भागातून मी डाव्या कडेने येत होतो आणि समोरून एक मोटारसायकलस्वार चुकीच्या बाजूने, म्हणजे माझ्याच कडेने, येत होता. सात-आठ हात अंतर उरेपर्यंत तो बाजूला झाला नाही. मग एकदम ब्रेक दाबून थांबला आणि मला म्हणाला, "काका, तुमचा लाल दिवा बघून मला वाटलं, तुम्ही पुढं चाललाय." चूक त्याची होतीच. तरीही त्याचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून जाणकारांना विचारतो. पुढचा दिवा पांढरा असावा की पिवळा? मागे लालच का, आणि त्याबरोबर दुसरा रंग लावला तर बिघडते काय? दिवा स्थिर ठेवावा की लुकलुकता? निळे आणि हिरवे रंग डोळ्यांना दुरून चटकन दिसतात असे मुलगा म्हणतो, त्यात तथ्य असेल तर ते का वापरू नयेत? बेताच्या खर्चात बसेल असे उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

शेवटचा डबा

मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात गार्ड होतो. २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, परंतु मी निवृत्त झालो तो गार्ड म्हणूनच. सायकलीविषयी मला फार कळते असे नाही. मात्र रात्री कोणता दिवा कोणाला काय सांगतो, हे पाहण्यातच माझी सारी नोकरी गेली, म्हणून लिहितो.

आपल्या पुढच्या लाल दिव्याने त्या मोटारसायकलस्वाराला खोटा निरोप दिला. अंधारात माणसाला सायकल दिसत नाही, तिचा हँडल दिसत नाही, चालवणाऱ्याचे तोंड कोणीकडे आहे तेही दिसत नाही. दिसतो तो केवळ एक ठिपका, आणि त्या ठिपक्याच्या रंगावरूनच पाहणारा ठरवतो की समोरचे वाहन आपल्याकडे येत आहे की आपल्यापासून दूर जात आहे. पांढरा म्हणजे येणारा आणि लाल म्हणजे जाणारा, हे प्रत्येक वाहनचालकाच्या अंगात इतके मुरलेले असते की त्यासाठी तो विचार करण्यास थांबत नाही. आपण रंग उलटे लावले तर तो विचार न करताच चुकतो, आणि विचार न करता झालेली चूक सुधारायला वेळ उरत नाही.

रेल्वेत हे फार काटेकोरपणे पाळले जाते. रात्री गाडीच्या शेवटच्या डब्यावर लाल दिवा असतो. स्थानकातून गाडी निघून जाताना तो दिवा दिसला, तरच गाडी अखंड गेली असे मानतात. तो दिसला नाही, तर गाडी तुटून काही डबे मागेच राहिले असतील अशी शंका धरली जाते आणि मागून दुसरी गाडी सोडली जात नाही. म्हणजे तो एकच दिवा मागच्याला थांबवतोही आणि गाडी पूर्ण असल्याची ग्वाहीही देतो. इंजिनाच्या पुढे पांढरा झोत असतो. त्याच्याजवळ एक पिवळसर लुकलुकणारा दिवाही असतो, पण तो शोभेचा नव्हे. चालकाने तो लावला की समोरून येणाऱ्या गाडीने थांबलेच पाहिजे, कारण शेजारच्या रुळावर काही अघटित घडलेले असू शकते. लुकलुकणे हा आमच्याकडे संकटाचा शब्द होता आणि तो जपून उच्चारला जाई.

रस्त्यावरचा दंडकही याच धर्तीचा आहे. रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात सायकलीने पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा दाखवता आला पाहिजे, शिवाय मागे लाल परावर्तक असला पाहिजे, असे म्हटले आहे. आपल्याकडचे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे यंत्रावर चालणाऱ्या वाहनांसाठी आहेत. तरी पुढच्या बाजूस लाल दिवा दाखवू नये आणि मागच्या बाजूस, ठरावीक अपवाद सोडता, लालखेरीज दुसरा दाखवू नये, हे तत्त्व त्यांतही आहे. निळ्याचे म्हणाल तर तो रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांच्याशी जोडला गेलेला रंग आहे. मोठमोठ्या पदाधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा १ मे २०१७ पासून उतरवले गेले, तेव्हा आपल्या सायकलीने लाल-निळा मिरवण्यात काय अर्थ आहे?

आमच्या लहानपणी बिनदिव्याची सायकल पोलिसाने पकडली की तो चाकातली हवा सोडून देई आणि घरापर्यंत सायकल ढकलत न्यावी लागे. त्या धाकाने आम्ही घासलेटचा दिवा हँडलला अडकवत असू. त्याचा उजेड हातभरही पडत नसे, परंतु पुढून कोणी येत आहे एवढे समोरच्याला कळे, आणि तेवढ्यासाठीच तो होता.

भौतिकीचे मास्तर

गार्डसाहेबांनी मुद्द्याच्या गाभ्यालाच हात घातला आहे. मी प्रश्नकर्त्यांच्या चिरंजीवांच्या मुद्द्याकडे वळतो, कारण तो चुकीचा नाही; अर्धा बरोबर आहे, आणि अशी मतेच खोडायला कठीण असतात.

आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी काम करतात. उजेडात शंक्वाकार पेशी पाहतात. त्यांना रंग कळतात आणि ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पिवळट हिरवा प्रकाश त्यांना सर्वाधिक तेजस्वी वाटतो. गडद अंधारात दंडाकार पेशी पाहतात. त्यांना रंग कळत नाहीत आणि त्यांची संवेदनक्षमता ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याकडे, सर्वाधिक असते. संध्याकाळी अंगणातल्या जास्वंदीकडे पाहावे. दिवसा लालभडक दिसणारे फूल तिन्हीसांजेला काळे पडते आणि पाने मात्र अजून दिसत असतात. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने हा बदल नोंदवला, म्हणून त्याला त्याचे नाव आहे. तेव्हा नजरेच्या कडेला, अंधारात, समान शक्तीचा निळसर हिरवा दिवा लाल दिव्यापेक्षा उजळ भासतो, हे चिरंजीवांचे म्हणणे खरे आहे.

पण शहरातला रस्ता गडद अंधाराचा नसतो. खांबावरचे दिवे आणि वाहनांचे झोत यांमुळे शंक्वाकार पेशी जाग्या असतात, आणि चालक ज्या दिव्याकडे थेट पाहतो तो त्याच्या दृष्टिपटलाच्या मध्यावर पडतो, जिथे दंडाकार पेशी जवळजवळ नसतातच. त्यामुळे हिरव्याचा तो फायदा मुख्यतः कडेच्या नजरेपुरता उरतो. लालचे दुसरे एक हित आहे, ते लोक विसरतात. दंडाकार पेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम फार कमी होतो, त्यामुळे मागून येणाऱ्याची अंधाराला सरावलेली नजर लाल दिव्याने मोडत नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि ते मोडायला एक पांढरा भपका पुरतो. लाल रंग कमी दिसणाऱ्या पुरुषांसाठी लाल दिवा मंद भासतो हेही खरे. म्हणून लालातही अगदी गडद लाल न घेता किंचित नारिंगीकडे झुकणारा, सुमारे ६२० नॅनोमीटरचा लाल घ्यावा आणि जोडीला परावर्तक ठेवावा. बाजारातले बहुतेक लाल एलईडी त्याच्या जवळपासचेच असतात.

आता पुढचा दिवा पांढरा की पिवळा. याबाबत आपल्याकडे एक ठाम समज आहे की पिवळा प्रकाश धुके कापतो. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने मोटारींचे पुढचे दिवे पिवळे केले गेले आणि ते १९९३ पर्यंत तसेच राहिले, एवढा तो समज दृढ होता. प्रत्यक्षात धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, म्हणून ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात आणि पिवळ्याला वेगळी वाट देत नाहीत. धुराचे वेगळे आहे. धुराचे कण अतिशय सूक्ष्म असतात आणि ते निळा भाग अधिक विखुरतात. काळ्या भिंतीसमोर चुलीचा धूर निळसर दिसतो तो त्यामुळेच. ऊस तोडून झाल्यावर पाचट पेटवलेल्या शेतांजवळून रात्री जाताना निळसर पांढऱ्या दिव्यापुढे जो पडदा उभा राहतो, तो उबदार प्रकाशापुढे थोडा विरळ वाटतो. याखेरीज निळसर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांना अधिक टोचतो. प्रश्नकर्त्यांच्या आणि माझ्या वयात नेत्रभिंग थोडे धूसर होऊ लागलेले असते, त्यामुळे असा प्रकाश डोळ्यातल्या डोळ्यातही पसरतो.

म्हणून मी पांढराच घ्यावा असे म्हणेन, पण खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला निळसर पांढरा घेऊ नये. ४००० ते ४५०० केल्विनचा, दुधात किंचित साय उतरल्यासारखा पांढरा घ्यावा. त्यात खड्डा, वाळू आणि ओला डांबर यांतला फरकही बरा कळतो. पूर्ण पिवळा घेण्यात नियमाची अडचण नाही, परंतु जिथे खांबावर अजून सोडियमचे पिवळे दिवे आहेत तिथे तो त्यांच्या रांगेत हरवतो. शक्तीचे म्हणाल तर उजेडाच्या रस्त्यावर शंभरेक लुमेन पुरतात आणि अंधाऱ्या टप्प्यासाठी तीनशे ते चारशे असावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिवा खाली झुकवावा. ताशी पंधरा किलोमीटरने आपण सेकंदाला साधारण सव्वाचार मीटर जातो. झोताचा मध्य आठ-दहा मीटरवर रस्त्याला टेकला, तर खड्डा दिसल्यावर दोन सेकंद हातात राहतात आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत.

पहाटे पाच

सर, आदर ठेवून असहमती नोंदवतो. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी आठनंतर सायकल चालवणे म्हणजे तव्यावर चालणे असते, म्हणून आमचा गट पहाटेच्या अंधारातच तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावाकडे निघतो. आमच्यापैकी तिघांच्या चाकांत हिरव्या माळा आहेत आणि चौकात आडव्या येणाऱ्या वाहनांना आम्ही त्यांच्यामुळेच दिसतो, असा आमचा अनुभव आहे. पुढचा आणि मागचा दिवा बाजूने पाहणाऱ्याच्या काय कामाचा? आणि लुकलुकत्या दिव्यालाही सरसकट वाईट म्हणू नये. इंग्लंडमध्ये २००५ पासून सायकलींना लुकलुकते दिवे चालतात. मिनिटाला ६० ते २४० वेळा, एवढीच मर्यादा आहे. बीआरएम या लांब पल्ल्याच्या, वेळेची मर्यादा असलेल्या सायकलफेऱ्यांमध्ये, जिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, पुढे पांढरा, मागे लाल आणि अंगात परावर्तक जाकीट हे सक्तीचेच असते आणि ते आम्ही पाळतो. परंतु त्याखेरीज काही लावले तर आकाश कोसळत नाही.

भौतिकीचे मास्तर

बाजूचा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्याकडून सुटला होता. चाकातली माळ गोल फिरते, त्यामुळे ती सायकलच आहे हे बाजूने पाहणाऱ्याला कळते, आणि ती पुढून किंवा मागून फारशी दिसत नाही, म्हणून दिशेचा निरोपही बिघडवत नाही. तरी तिचा रंग एकच असावा आणि तो पांढरा किंवा नारिंगी असावा, असे मी सुचवीन. पेडलवरचे परावर्तक नारिंगी असतात, तेव्हा बाजूचा नारिंगी लोकांच्या ओळखीचा आहे. रंग बदलत जाणाऱ्या माळेकडे मात्र चालक वाहन म्हणून पाहत नाही, मांडव म्हणून पाहतो.

लुकलुकण्याबाबत इंग्लंडचा दाखला बरोबर आहे, पण जर्मनीत सायकलीचा पुढचा किंवा मागचा दिवा लुकलुकता चालत नाही, तेव्हा दाखल्यांनी हा वाद मिटणार नाही. लुकलुकता दिवा लक्ष लवकर वेधतो आणि स्थिर दिव्यावरून अंतर लवकर कळते. दोन्ही कामांची गरज असते.

लाल गाडीचा चालक

मी एसटीचा चालक आहे आणि अक्कलकोट, तुळजापूर या दोन्ही मार्गांवर रात्रीच्या फेऱ्या केल्या आहेत. वरील मंडळींनी शास्त्र सांगितले, मी काचेमागून काय दिसते ते सांगतो.

ताशी साठ किलोमीटरने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. पुढे काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच तीसेक मीटर गेलेले असतात. समोरून वाहन येत असेल तर मी डिपरवर असतो आणि माझा उजेड फार लांब पोहोचत नाही. त्या वेळी सायकलवाल्याचा स्वतःचा लाल दिवा हाच मला आधी सावध करतो. स्थिर लाल ठिपका दिसला की मी मनात अंतर धरतो आणि हळूहळू उजवीकडे सरकतो. जोरजोरात फडफडणारा दिवा दिसला की काहीतरी आहे एवढे कळते, पण ते पन्नास मीटरवर आहे की शंभरवर, हे दिवा विझलेल्या क्षणी हातातून निसटते. म्हणून दोन लाल दिवे असावेत, एक स्थिर आणि एक सावकाश लुकलुकणारा, असे माझे मत आहे. खर्च परवडत नसेल तर स्थिर ठेवावा आणि लुकलुकता सोडून द्यावा. लेसरच्या रेघा मला गाडीतून क्वचितच दिसल्या आहेत, आणि ओल्या रस्त्यावर तर कधीच नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे लोंबणारा ऊस, आणि दिवा असलाच तर तो वाढ्यांमागे झाकलेला. अशा वेळी आमची नजर अंधारात मोठा काळा आकार शोधत असते. सायकलवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्या चार महिन्यांत त्यांचा एवढासा दिवा आमच्या लेखी नेहमीपेक्षा लहान झालेला असतो. ट्रॉली पुढे काढण्यासाठी आम्ही उजवीकडे जातो, तेव्हा समोरून कडेने येणाऱ्या सायकलीचा पांढरा दिवा ट्रॅक्टरच्या दिव्यांशेजारी हरवतो. तिथे थांबून रस्त्याखाली उतरणे हाच उपाय आहे, कोणत्याही रंगाचा दिवा तिथे कामाला येत नाही.

एक गोष्ट मला कोजागरीने शिकवली. त्या सुमारास सोलापुरातून तुळजापूरला हजारो माणसे रात्रभर चालत जातात. पांढरा सदरा घातलेला माणूस मला दिसतो खरा, पण तो उभा आहे, झाड आहे की दगड आहे हे कळायला वेळ जातो. ज्याच्या बुटाच्या टाचेला चमकणारी पट्टी असते, तो मात्र पहिल्या दोन पावलांतच माणूस म्हणून ओळखू येतो, कारण ती पट्टी वरखाली होते. सायकलवाल्याचे पायही असेच हलतात. पेडलचे परावर्तक लोक काढून टाकतात किंवा ते चिखलाने माखलेले असतात, हे पाहून मला वाईट वाटते.

शेवटचा डबा

चालक महाशयांचे हे म्हणणे आमच्या नियमांतही आहे. लाल दिवा हाताशी नसेल, तर पांढरा दिवा अंगासमोर आडवा जोरजोराने हलवावा; चालक तो धोक्याचा इशारा मानतो आणि गाडी थांबवतो. रंग नसेल तिथे हालचालीने बोलायचे.

भौतिकीचे मास्तर

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या संशोधकांनी रात्रीच्या रस्त्यावर याचीच चाचणी घेतली होती. नुसत्या परावर्तक जाकिटापेक्षा, त्याच्या जोडीला घोट्यांवर आणि गुडघ्यांवर पट्ट्या असलेले सायकलस्वार चालकांनी कितीतरी अधिक वेळा ओळखले. बाजारात मिळणारे पोपटी फ्लुरोसंट जाकीट रात्री फसवते, हेही येथे सांगितले पाहिजे. ते उन्हातील अतिनील किरणांमुळे झळकते, आणि रात्री ते किरण नसतात. रात्री काम करते ती त्याच्यावरची करडी पट्टी, कारण ती आलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते. जाकीट घेताना कापडाच्या रंगाऐवजी पट्टीची रुंदी पाहावी.

होटगी रस्ता

मी शिक्षिका आहे आणि हिवाळ्यात सकाळच्या शाळेला निघते तेव्हा अंधारच असतो. सर्वांनी रंगांविषयी लिहिले, पण दिवा दिसतो आहे की नाही हे कोणी विचारले नाही, म्हणून लिहिते. दोन वर्षे मी आसनाखालच्या दांड्याला उत्तम लाल दिवा लावून फिरले. एके दिवशी मागून येणाऱ्या माझ्या सहकारी बाई म्हणाल्या की तुमचा दिवा बंद पडलेला दिसतो. दिवा चालू होता. कॅरिअरवरची वह्यांची पिशवी त्याच्या बरोबर समोर येत होती आणि उरलेले काम माझी ओढणी करत होती. आता दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला, परावर्तकाच्या शेजारी, स्क्रूने पक्का बसवला आहे. पावसाळी जाकीट, डब्याची पिशवी, मागे बसलेले मूल, यांपैकी काहीही दिवा झाकू शकते. म्हणून सायकल अंगणात उभी करून, नेहमीचे सामान लादून, पंचवीस-तीस पावले मागे जाऊन एकदा स्वतः पाहावे.

आणखी एक म्हणजे चार्जिंगचे दिवे. विझण्याआधी ते पुष्कळ मंद होतात आणि चालवणाऱ्याला मागचा दिवा दिसत नसल्यामुळे ते कळत नाही. मी रविवारी आणि बुधवारी मोबाइलबरोबर दोन्ही दिवे लावून ठेवते. उन्हाळ्यात ते सायकलीवरच उन्हात सोडू नयेत, बॅटरी लवकर मरते.

जुळेसोलापूरकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे जे केले ते कळवतो, म्हणजे काही चुकले असल्यास आपण सांगाल.

लाल-निळा दिवा त्याच रात्री काढला. पुढे चारशे लुमेनचा पांढरा दिवा घेतला. दुकानदाराकडे ६५०० केल्विनचेच होते; दुसऱ्या दुकानात खोक्यावर ४५०० लिहिलेला मिळाला. गच्चीवरून पाहिले तर शेजारच्या सायकलीच्या दिव्यापेक्षा तो खरोखरच मवाळ दिसतो. तो झुकवण्यासाठी मी दहा पावले मोजून खडूने रेघ मारली आणि झोताचा मध्य त्या रेघेवर आणला. मागे कॅरिअरच्या टोकाला एक स्थिर लाल दिवा बसवला. लेसरचा जुना दिवा टाकून द्यायला जीव झाला नाही, म्हणून त्याच्या रेघा बंद करून तो सावकाश लुकलुकण्यावर ठेवला आणि आसनाखाली लावला. बाईंच्या सूचनेप्रमाणे सामान लादून मागून पाहिले, तेव्हा आसनाखालचा दिवा जेवणाच्या डब्याने निम्मा झाकलेला निघाला. डबा आता पुढच्या बास्केटमध्ये असतो.

पेडलवरचे नारिंगी परावर्तक चिखलाने असे माखले होते की ते तिथे आहेत हेच मी विसरलो होतो. ते धुतले. सौभाग्यवतींनी माझ्या जुन्या पँटच्या दोन्ही पायांना घोट्याजवळ करड्या पट्टीचा एकेक वेढा शिवून दिला. "वरातीत जायचंय का?" असे त्यांनी विचारले, मी एसटीच्या चालकांचे उत्तर त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या पँटलाही शिवून दिला.

एक शंका उरली आहे. सात रस्त्याजवळ दुकानांचे इतके उजेड असतात की माझा पुढचा दिवा चालू आहे की नाही हे मलाच कळत नाही. तिथे तो पूर्ण शक्तीवर ठेवावा, की समोरच्यांना त्रास नको म्हणून कमी करावा? निळ्या-हिरव्या माळा मुलाने गणपतीच्या मखरासाठी मागून घेतल्या आहेत.

लाल गाडीचा चालक

कमी करू नये. तिथे आमच्या डोळ्यांपुढे शंभर दिवे असतात आणि त्यांतला हलणारा एकच आम्हाला शोधायचा असतो. दिवा खाली झुकवलेला आहे ना? मग खुशाल पूर्ण ठेवा.